अंगणवाडी : बालशिक्षणाची गुणवत्ता व तिचे मापन

सहा वर्षांखालील बालकांच्या पोषण, आरोग्य व शिक्षण यांसाठी शासकीय खर्चाने चालविले जाणारे वस्तीपातळीवरील केंद्र म्हणजे अंगणवाडी होय. तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना येथे पूर्वप्राथमिक शिक्षणही दिले जाते. महाराष्ट्रात अशी सु. १ लाख १० हजार केंद्रे आहेत. या केंद्रांतील शिक्षणाचा दर्जा कसा ठरवावा आणि तो कसा उंचवावा, हा प्रश्न अंगणवाडीच्या कल्पनेइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे मात्र काळानुसार बदलत गेली. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या उत्तरांची कसोटी विशेष कठोरपणे लागते.

उगम : पश्चिम भारतात बालशिक्षणाची शास्त्रशुद्ध चळवळ गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० साली भावनगर येथे काढलेल्या बालमंदिरापासून सुरू झाली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरी पद्धतीस भारतीय रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. तथापि ही चळवळ प्रारंभी मुख्यतः शहरी मध्यमवर्गापुरती मर्यादित राहिली. महागडी साधने व प्रशिक्षित शिक्षिका हीच तेव्हा गुणवत्तेची खूण मानली जाई.

ही समजूत मोडली ती बोर्डी (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) येथे. १९४५ साली ताराबाईंनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) या त्यांना येऊन मिळाल्या. केंद्र उत्तम होते, परंतु दलित वस्तीतील मुले तेथे येत नव्हती. तेव्हा शिक्षिकाच साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या आणि घरापुढील अंगणात वर्ग भरू लागला. अंगणवाडी हे नाव या प्रयोगातून रूढ झाले. शंख, शिंपले, बिया, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंपासून साधने तयार करण्यात आली. पुढे कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा असे प्रयोग झाले. जे मूल शाळेपर्यंत येत नाही त्याच्यापर्यंत शाळेने जावे, हा या प्रयोगांचा गाभा होता. गुणवत्तेच्या चर्चेत ‘आलेल्या’ मुलांइतकीच ‘न आलेली’ मुलेही मोजली पाहिजेत, हा विचार येथे प्रथम कृतीत उतरला [⟶ मोडक, ताराबाई, वाघ, अनुताई].

शासकीय योजना : सार्जंट अहवालाने (१९४४) दहा लाख मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची शिफारस केली होती. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने बालवाड्यांना अनुदाने दिली. मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७२ मध्ये गरीब बालकांच्या पोषण, आरोग्य व शिक्षण यांचा एकत्र विचार करण्यावर भर दिला. या पार्श्वभूमीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यांपैकी १८ ग्रामीण, ११ आदिवासी व ४ नागरी होते. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्यविषयक शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेकडे व तिच्या मदतनिसाकडे सोपविण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये योजनेच्या सार्वत्रिकीकरणाचा आदेश दिला व अंगणवाडी नसलेल्या वस्तीत किमान चाळीस बालके असल्यास मागणीनुसार केंद्र मिळण्याचा हक्क मान्य केला.

मापनाची प्रारंभीची पद्धती : योजनेतील मोजमाप वजनकाट्यापासून सुरू झाले. मुलाचे वजन वृद्धिपत्रकावर नोंदवून कुपोषणाची श्रेणी ठरविली जाई. शिक्षणाची नोंद मात्र पटावरील संख्या, उपस्थिती व केंद्र उघडे राहिल्याचे दिवस एवढ्यावर थांबे. याची कारणे व्यावहारिक होती. वजन निश्चित आकड्यात सांगता येते आणि त्यावर तातडीने उपाय करावा लागतो. मुलाची भाषा, कुतूहल, बोटांचे कौशल्य किंवा इतरांशी मिळून खेळण्याची वृत्ती इतक्या सहज मोजता येत नाही. परिणामी पर्यवेक्षिकेच्या भेटीत आहाराची नोंदवही आधी पाहिली जाई व गाणी, गोष्टी, खेळ यांची विचारपूस शेवटी होई. जे मोजले जाते त्यालाच वेळ दिला जातो, या प्रशासकीय नियमाचे हे ठळक उदाहरण होय.

मानके व श्रेणीमापने : गुणवत्तेचे दोन भाग सामान्यतः मानले जातात. इमारत, जागा, साधने, मुलांचे शिक्षिकेशी प्रमाण व प्रशिक्षण ही रचनात्मक गुणवत्ता, तर शिक्षिका व मूल यांच्यातील प्रत्यक्ष व्यवहार ही प्रक्रियात्मक गुणवत्ता होय. अमेरिकेत थेल्मा हार्म्स व रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली बालशिक्षण-परिसराचे सात अंकी श्रेणीमापन प्रसिद्ध केले. निरीक्षकाने वर्गात काही तास बसून प्रत्येक बाबीस गुण द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. पुढे तमिळनाडूत स्थानिक केंद्रांना अनुरूप असे श्रेणीमापन तयार झाले. परकीय मापन जसेच्या तसे वापरल्यास भाड्याच्या एका खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीस साधनांअभावी कमी गुण मिळतात आणि त्याच खोलीतील सेविकेचे उत्तम गोष्ट सांगणे नजरेआड होण्याचा संभव असतो, म्हणून असे रूपांतर आवश्यक ठरते.

भारत सरकारने २०१३ साली राष्ट्रीय धोरणासोबत अभ्यासक्रमाचा आराखडा व गुणवत्ता मानके निश्चित केली. त्यांनुसार दररोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम, तीस मुलांमागे किमान ३५ चौ. मी. वर्गखोली व ३० चौ. मी. मोकळी जागा, मातृभाषेतून बालकेंद्री शिक्षण, स्वच्छ पाणी व स्वच्छतागृह, तसेच तीन ते सहा वयोगटात वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती या बाबी अनिवार्य मानण्यात आल्या. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी यूनिसेफच्या साहाय्याने ‘आकार’ हा अभ्यासक्रम तयार झाला. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात इयत्ता पहिलीत जाणाऱ्या मुलांचे मेळावे भरू लागले. त्यांत मातेच्या उपस्थितीत मुलाच्या शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक व गणनपूर्व तयारीची साध्या कृतींतून पाहणी होते आणि पुढील आठवड्यांत घरी कोणत्या कृती करून घ्याव्यात हे मातांच्या गटांना सांगितले जाते. येथे मापनाचा हेतू मुलाला उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण ठरविणे हा नसून पालकांना सहभागी करून घेणे हा आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा : पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना आणि १९६२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांमुळे या भागाच्या औद्योगिकीकरणास वेग आला. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सु. १० लाख होती, ती २०११ मध्ये सु. १७.३ लाख झाली. १९९० नंतरच्या दशकांत उद्योगांचा विस्तार खेड तालुक्यातील चाकण परिसरात होऊन कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी इ. शेतीप्रधान गावे मोटार-उद्योगाच्या कामगारांची वसतिस्थाने बनली. शहरात अंगणवाड्यांबरोबर महानगरपालिकेच्या बालवाड्याही आहेत. ग्रामीण भागातील अंगणवाड्या जिल्हा परिषदेमार्फत चालतात. म्हणजे एकाच पट्ट्यातील मुलांसाठी वेगवेगळ्या यंत्रणा उत्तरदायी आहेत.

या पट्ट्यात मापनाच्या तीन अडचणी स्पष्ट दिसतात. पहिली अडचण पायाभूत संख्येची. नागरी व ग्रामीण भागांत साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. सेविका आपल्या कार्यक्षेत्राचे सर्वेक्षण करते हे खरे, परंतु २०२१ ची जनगणना झाली नाही आणि या काळात येथील वस्ती वाढत राहिली. कंत्राटी कामगारांची कुटुंबे खोली बदलतात, गावी जातात, परत येतात. ज्या मुलाचे नाव सर्वेक्षणात नाही ते गैरहजर ठरत नाही, ते हिशेबातच नसते. त्यामुळे केंद्राची उपस्थिती चांगली दिसूनही वस्तीतील अनेक मुले शिक्षणाबाहेर असू शकतात. स्थलांतरित लाभार्थींचा मागोवा घेण्यासाठी राज्याने २०२१-२२ मध्ये स्वतंत्र संगणकीय प्रणाली निवडक जिल्ह्यांत सुरू केली. दुसरी अडचण भाषेची. मराठवाडा व विदर्भाबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा या राज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले एका वर्गात बसतात. मराठीतील प्रश्नास उत्तर न देणारे मूल अप्रगत की केवळ अपरिचित भाषेमुळे गप्प, हे परीक्षकास ओळखता आले पाहिजे. तिसरी अडचण वेळेची. अंगणवाडी काही तासांत संपते, तर कारखान्याची पाळी आठ तासांची असते. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर आवश्यक होते आणि १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातही पन्नासहून अधिक स्त्रिया असल्यास तशी तरतूद होती. तथापि लहान कार्यशाळांतील व घरकाम करणाऱ्या स्त्रिया अशा तरतुदींच्या कक्षेबाहेर राहिल्या. बांधकामस्थळांवरील मुलांसाठी पुणे परिसरात मोबाइल क्रेशेस (१९८१ पासून, पुढे तारा मोबाइल क्रेशेस) व डोअर स्टेप स्कूल या संस्थांनी काम केले. अंगणात जाण्याच्या बोर्डीच्या तत्त्वाचेच हे औद्योगिक रूप म्हणता येईल.

सेविका व मोजमाप : गुणवत्तेचा मुख्य आधार सेविका होय. तिला वेतन नव्हे, तर मानधन मिळते. त्यातील केंद्र शासनाचा दर ऑक्टोबर २०१८ पासून दरमहा ४,५०० रु. झाला व राज्याने त्यात वेळोवेळी भर घातली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. मार्च २०२१ पासून सर्व नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनी प्रणालीत भरावयाच्या होत्या. निकृष्ट दूरध्वनी संच व इंग्रजी नोंदी यांच्या निषेधार्थ त्याच वर्षी महाराष्ट्रातील सेविकांनी मोठ्या प्रमाणावर संच परत केले. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत त्यांचा दीर्घ संप झाला. मोजमापाचे साधन मोजणाऱ्या व्यक्तीच्या भाषेत व आवाक्यात नसेल, तर आकडे जमतात परंतु ज्ञान वाढत नाही, हा या घटनांचा अर्थ होय.

या संदर्भात तमिळनाडूतील ६४० अंगणवाड्यांत झालेला प्रयोग महत्त्वाचा आहे. चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या केंद्रांत बालशिक्षणासाठी अर्धवेळ अधिक कार्यकर्ती नेमली असता प्रत्यक्ष शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा व गणित यांतील गुण वाढले आणि मूळ सेविकेस पोषणाकडे अधिक लक्ष देता आल्याने खुरटलेपणाही घटला. म्हणजे शिक्षण व पोषण ही परस्परविरोधी कामे नसून दोन्हींना एकाच व्यक्तीचा अपुरा वेळ पुरवावा लागणे हा खरा दोष होता.

मूल्यमापन : २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्यासाठी मार्गदर्शक तत्त्व ठरविले, त्यास मूलभूत हक्काचा दर्जा दिला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम आला. त्यामुळे पोषणाच्या जोडीला शिक्षणाचे मापनही आता अपरिहार्य झाले आहे. त्यात दोन धोके संभवतात : इयत्ता पहिलीचा लेखनाचा अभ्यास खाली ओढून बालपणावर लादणे आणि केवळ पटावरील मुलांची प्रगती पाहून समाधान मानणे. पहिला धोका चांगल्या अभ्यासक्रमाने टळू शकतो. दुसरा टाळण्यासाठी मात्र ज्या खोलीतून मूल अद्याप आलेलेच नाही त्या खोलीचे दार सेविकेस ठोठावता यावे, एवढा वेळ, मनुष्यबळ व मान तिला द्यावा लागतो.