लिलावाचे नवे आवार



‘लिलाव’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, तो परका असेल असे मनातही येत नाही. परंतु तो आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, आणि पोर्तुगिजांनी तो अरबांकडून घेतला. मुळात त्याचा अर्थ ‘जाहीर करणे’ असा आहे. हा अर्थ आपण ध्यानात ठेवावा, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे.

माझे आयुष्य हमाल-मापाड्यांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते पोत्यांच्या थप्पीवर बसून. म्हणून इंटरनेटवरील लिलावाच्या दुकानांवर मी बोलणार हे ऐकून काही मित्रांना हसू आले. मला मात्र त्यात नवल वाटत नाही. जेथे माल आहे, बोली आहे आणि आवाराचा धनी आहे, तेथे कष्ट कोणाचे आणि ताबा कोणाचा हा प्रश्न असतोच.

आपल्याकडे पूर्वी हत्ता पद्धत होती. अडत्या आणि व्यापारी एका फडक्याखाली हात घालीत, आणि बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारी उभा. पण त्याच्याच मालाचा भाव त्याला कळत नसे. अशा व्यवहारांना आळा घालण्यासाठी बाजाराला नियम हवेत हा विचार हळूहळू पुढे आला. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि पुढे उघड लिलावाची रीत रुजली. ही सुधारणा आपोआप झाली नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील कामगार दिन १ मे रोजी नसतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. १९९५ साली त्या सुटीत पिअर ओमिड्यार या तरुण संगणक-तज्ज्ञाने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाचे लिलावाचे पान सुरू केले. हीच पुढची ‘ईबे’ कंपनी. आपल्या वाग्दत्त वधूला गोळ्यांच्या शोभिवंत डब्यांचा संग्रह करता यावा म्हणून त्याने हे केले, अशी गोड कथा वर्षानुवर्षे छापली गेली. ती १९९७ साली कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने रचलेली होती. खरी पहिली वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा मोडका लेझर दिवा. तो १४.८३ डॉलरला गेला. दिवा मोडका आहे हे समजले ना, असे त्याने घेणाऱ्यास विचारले. तेव्हा, मी मोडके दिवेच जमवितो, असे उत्तर आले. ज्या वस्तूला गावात गिऱ्हाईक नाही तिला जगात कोठेतरी असू शकते, ही या धंद्याची पहिली शिकवण होय.

आरंभी येथे भाडे नव्हते. १९९६ च्या फेब्रुवारीत इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने ओमिड्यारचे मासिक बिल ३० डॉलरवरून २५० डॉलरवर नेले, तेव्हा तो विक्रेत्यांकडून शुल्क घेऊ लागला. पाकिटांतून धनादेश आणि सुटी नाणी येऊ लागली. त्याच महिन्यात त्याने दुसरी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. गिऱ्हाईक आणि विक्रेता यांनी एकमेकांविषयी बरेवाईट मत सर्वांसमोर नोंदवावे अशी वही त्याने उघडली. तोंडओळख नसलेल्या माणसाला आधी पैसे पाठवावयाचे, तर विश्वास कशावर ठेवावयाचा? त्या वहीवर.

लिलावाची रीतही पाहण्यासारखी आहे. समजा, एका जुन्या कॅमेऱ्यासाठी आपण कमाल ५० डॉलर नोंदविले आणि दुसऱ्याची कमाल ३० आहे. यंत्र आपल्या वतीने ३० च्या वर एक पायरी एवढीच बोली लावते. कॅमेरा आपल्याला सुमारे ३१ डॉलरला मिळतो. या तत्त्वाचे शास्त्र विल्यम व्हिकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले, आणि टपाल-तिकिटांचे व्यापारी टपालाने आलेल्या बोलींवर असाच व्यवहार त्याहून कितीतरी आधीपासून करीत. फरक आहे तो शेवटाचा. आपल्या आवारात बोलणारे थांबले की सौदा ठरतो. तेथे ठरलेल्या घटकेला घड्याळ तो थांबविते. त्यामुळे जाणते गिऱ्हाईक शेवटच्या काही सेकंदांतच बोली टाकते.

अशा ठिकाणी दुकान चालवावयाचे म्हणजे काय करावयाचे? पहिली बोली कमी ठेवली तर गर्दी जमते आणि भाव चढतो. पण वस्तूला दोनच गिऱ्हाइके असतील तर माल मातीमोल जातो. तेथे किमान भाव बांधून घ्यावा लागतो. वस्तूचा दोष स्वतःच सांगावा, छायाचित्रात तो दिसू द्यावा. माल मांडण्यापूर्वी वजन करावे, कारण टपालखर्चाचा अंदाज चुकला की नफा त्यातच जातो. हे आमच्या मापाड्याला कोणी शिकवावयास नको! हिशेबात मांडणीचे शुल्क, विक्रीवरील कमिशन, पैसे वळते करण्याचा खर्च, खोकी आणि परत आलेला माल हे सारे धरावे. आणि रात्री घरी बसून पत्नी व मुले जी पुडकी बांधतात त्यांची मजुरीही धरावी. ती न धरता दिसणारा नफा हा नफा नव्हे. ती घरच्यांची बिनपगारी मजुरी होय.

एवढे करून जे कमवावयाचे ते नाव. त्या नावाची किंमत मोजण्यात आली आहे. जुनी चित्र-पोस्टकार्डे विकणाऱ्या एका मुरलेल्या दुकानदाराने सारखाच माल काही वेळा आपल्या नावाने व काही वेळा नव्या, अनोळखी नावाने मांडला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जुन्या नावाला सुमारे ८ टक्के अधिक भाव मिळाला. उलट बाजूही पाहा. २००० साली एका विक्रेत्याच्या चित्रावर १,३५,८०५ डॉलरपर्यंत बोली चढली. मागाहून कळले की विक्रेते टोपणनावांनी परस्परांच्या मालावर बोली लावीत होते. फडक्याखालचा हात तेथेही पोहोचला होता.

आवार मात्र झपाट्याने वाढले. १९९७ मध्ये ‘ईबे’ हे नाव आले, १९९८ च्या सप्टेंबरात भाग बाजारात विकले गेले, आणि २००२ मध्ये पैसे वळते करणारी ‘पेपाल’ ही कंपनी दीड अब्ज डॉलरना घेण्यात आली. १९९९ च्या जूनमध्ये यंत्रणा सुमारे २२ तास बंद पडली, तेव्हा कितीजणांची चूल त्या आवारावर पेटते हे जगाला दिसले. २००४ मध्ये कंपनीने मुंबईची ‘बाझी’ विकत घेतली. २०१७ मध्ये तो भारतातील व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे गेला, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते आवार बंद झाले. दुकानदाराला मात्र या निर्णयांत मत नव्हते.

आता २००८ सालाकडे येतो. कंपनीने मांडणीचे शुल्क कमी केले, विक्रीवरील कमिशन वाढविले, आणि त्याच वेळी जाहीर केले की यापुढे विक्रेत्याला गिऱ्हाइकाविषयी वाईट मत नोंदविता येणार नाही. फेब्रुवारीत विक्रेत्यांनी आठवडाभर माल न मांडण्याचे आवाहन केले. मी ही हकीकत वाचली तेव्हा माझे मन साहजिकच संपकऱ्यांकडे धावले. परंतु न्यायाने बोलावयाचे तर गिऱ्हाइकाचीही बाजू होती. खरी तक्रार नोंदवावी, तर विक्रेता उलट वाईट शेरा मारील या भीतीने अनेकजण गप्प बसत. दोष होता, उपायही हवा होता. माझा आक्षेप एवढाच की, वहीचा नियम बदलला तो वही भरणाऱ्यांना विचारून नव्हे. वर्षानुवर्षे नाव कमवावे दुकानदाराने, आणि ते ज्या वहीत आहे तिची मालकी दुसऱ्याची!

तो नियम मागे घेतला गेला नाही. गिरणीच्या संपाला फाटक असते. कोण आत गेला, कोण बाहेर राहिला हे दिसते. येथे हजारो घरांत विखुरलेली माणसे, एकमेकांचे चेहरे न पाहिलेली. एकाने दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते, आणि तो दुसरा कोण हे पहिल्याला माहीतही नसते.

आपल्या बाजार समित्यांत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. माझे निम्मे आयुष्य ते दोष सांगण्यात गेले. तरी १९६३ च्या कायद्याने शेतकरी व व्यापारी यांच्या जोडीला हमाल-मापाड्यांच्या प्रतिनिधीलाही समितीत जागा दिली. तोलाई किती, हमाली किती, यावर भांडावयास एक खुर्ची मिळाली. इंटरनेटवरील आवाराला अशी खुर्ची अजून नाही.

म्हणून जे तरुण अशी दुकाने काढीत आहेत त्यांना माझे तीन शब्द. आपल्या गिऱ्हाइकांची व हिशेबाची वही स्वतःजवळ ठेवा. सारी उपजीविका एकाच आवारावर टांगू नका. आणि आपल्याच गावात हाच धंदा करणारे आणखी चारजण शोधून महिन्यातून एकदा एकत्र बसा. आमची संघटनाही पोत्यांच्या थप्पीवर अशीच पाच माणसांनी सुरू झाली होती.