ओपिनेल चाकूचं लॉक कसं काम करतं?

घडीच्या चाकूची खरी भीती एकच: कापताना पातं मिटून बोटांवर येणं. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवलेल्या चाकूला लॉक नव्हतंच. ते आलं १९५५ मध्ये, मार्सेल ओपिनेलचं 'विरोब्लॉक'. मुठीच्या तोंडाशी स्टीलची फिरती रिंग असते, तिला एक फट. फट पात्यासमोर आणली की चाकू उघडतो-मिटतो. रिंग थोडी फिरवली की पात्याची परतीची वाट बंद. स्प्रिंग नाही, बटण नाही, मग बिघडणार काय? पातं, लाकडी मूठ, खिळा आणि दोन रिंगा, एवढाच कारभार. चाहते फिदा आहेत ते यावरच. अर्थात, मूठ ओली झाली की लाकूड फुगतं आणि पातं अडकतं. अशा वेळी ओढाताण करू नका. रिंग उघडी ठेवून मुठीचं बूड टेबलावर आपटा. पातं थोडं बाहेर येतं.