एक शब्द, दोन अपघात

फेब्रुवारी २०१९ मध्यें 'अँथम' नांवाचा व्हिडिओ-खेळ बाजारांत आला. कॅनडांतील बायोवेअर या संस्थेनें तो रचला होता व इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या अमेरिकन कंपनीनें तो प्रसिद्ध केला. पुढच्याच महिन्यांत एक विलक्षण तक्रार ऐकूं येऊं लागली. खेळ रंगांत आला असतां नुसता खेळच बंद पडे असें नव्हे, तर प्लेस्टेशन ४ हें सबंध यंत्रच, कोणी विजेचें बटण दाबावें तसें, एकाएकीं बंद होई. यानें आंतील हार्ड डिस्क कायमची निकामी होईल कीं काय, अशी धास्ती खेळणाऱ्यांना वाटूं लागली.

या धास्तीचें मूळ बरेंचसें एका शब्दांत आहे. 'क्रॅश' हा शब्द दोन अगदीं निरनिराळ्या अपघातांना लावला जातो.

पहिला अपघात तबकडीचा. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें 'रॅमॅक' हें यंत्र पुढें आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत व त्यांवर ५० लक्ष अक्षरें मावत. ग्रामोफोनची सुई तबकडीला घांसत जाते. येथें मात्र लिहिणारें-वाचणारें टोंक हवेच्या पातळ थरावर अधांतरीं राहतें. 'रॅमॅक'मध्यें त्यासाठीं दाबानें हवा सोडावी लागे. पुढें तबकडीच्या वेगानेंच हें काम साधूं लागलें. धक्क्यानें वा धूलिकणानें हें टोंक तबकडीवर आपटलें, कीं पृष्ठभाग खरवडला जातो आणि तेथील मजकूर कायमचा नाहींसा होतो.

दुसरा अपघात आज्ञावलीचा. तिला पुढची पायरी सांपडत नाहीं व ती थांबते. तबकडीला त्यानें ओरखडाहि उठत नाहीं.

२००१ मध्यें मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ८ गिगाबाइटची हार्ड डिस्क घेऊनच आला आणि हे दोन अपघात एका पेटींत शेजारीं आले. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्यें तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेई. अशा यंत्राची वीज अकस्मात् गेली तरी फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतींतूनच थोडी वीज निर्माण होते व तिच्या बळावर टोंक सुरक्षित जागीं मागें घेतलें जातें. वारंवार असें होणें हितावह नव्हे. परंतु एका झटक्यानें तबकडी सहसा फुटत नाहीं.

खरा धोका लेखनाला आहे. मुनीम कीर्द लिहीत असतां दिवा मालवला, तर वही शाबूत राहते. पण ओळ अर्धी राहते, आणि अर्धी ओळ कधीं कधीं सबंध हिशेब खोटा ठरविते. म्हणूनच असें बंद पडलेलें प्लेस्टेशन पुन्हां सुरू होतांना प्रथम आपलें भांडार तपासून पाहतें. 'अँथम'च्या बाबतींतहि कायमचें निकामी झालेलें यंत्र आढळलें नाहीं, असें कंपनीनें चौकशीअंतीं सांगितलें व मार्च महिन्यांतच दुरुस्ती पाठविली.

२०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्यें फिरती तबकडी उरली नाहीं; पहिला अपघात तेथें इतिहासजमा झाला. अर्ध्या ओळीचें भय मात्र तसेंच आहे. त्यावर उपायहि मुनिमाचाच: नवें पान पुरें लिहून, ताडून पाहावें आणि मगच जुनें फाडावें. जी आज्ञावली हा नियम पाळते, तिच्या भरंवशावर खेळणाऱ्याचे अनेक रात्रींचे श्रम सुरक्षित राहतात.