तुम्ही ‘पिनो न्वार’ की ‘मर्लो’? माणसाला वाईनची उपमा का देतात?

‘तुम्ही कोणती वाईन आहात?’ अशी क्विझ तुम्हीही कधीतरी सोडवली असेल. पाच-सात प्रश्न, आणि निकाल येतो: हळवे, पटकन दुखावणारे, म्हणजे पिनो न्वार!

ही उपमा अगदीच हवेतली नाही. पिनो न्वार या द्राक्षाची साल खरोखरच पातळ असते. घड दाटीचा, त्यामुळे ओलाव्यात लवकर कुजतो आणि फार उष्णताही त्याला सोसत नाही. कॅबर्ने सोविन्यॉ जाड सालीचे, जगभर तग धरणारे. २००४ च्या ‘साइडवेज’ या हॉलिवूडपटात माइल्स हा शिक्षक पिनोचे कौतुक असे करतो, की तो स्वतःबद्दलच बोलतोय हे लगेच कळते. मर्लोचा मात्र त्याला भारी तिटकारा. गंमत म्हणजे त्याने जिवापाड जपलेली १९६१ ची ‘शेवाल ब्लां’ बनते ती कॅबर्ने फ्रां आणि मर्लोपासूनच!

द्राक्षाचे ठीक, पण निकाल वाचून ‘अरे, हा तर मीच’ असे का वाटते? १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून सगळ्यांना एकच मजकूर वाटला, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. यालाच ‘बार्नम इफेक्ट’ म्हणतात.

पुढच्या वेळी मैत्रिणीचा निकाल वाचून पाहा. ती ‘मर्लो’ निघाली असली, तरी त्यातले निम्मे तुम्हालाही लागू पडेल.