मामीबाईंचे तीस रुपये

मामीबाईंचं प्रकरण साधंच होतं, एका दिवसात उरकेल असं. विलायतेहून १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेल्या मोहनदास गांधींनी त्याची तीस रुपये फी घेतली आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ते प्रतिवादी मामीबाईंच्या बाजूने उभे राहिले. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची वेळ आली, तसं त्यांचं डोकं गरगरू लागलं. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि काम घेऊन आलेल्या माणसाला म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही, पटेलांना गाठा, फी परत घ्या. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. त्यांच्या दृष्टीने तो डाव्या हाताचा खेळ होता. अशील जिंकला की हरला, हे गांधींना कधी कळलंच नाही.

ही फजिती त्यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितल्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचं बोलणं मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. काम मिळवून देणाऱ्या दलालाला कमिशन द्यावं लागेल, असं त्यांना बजावलं गेलं होतं. महिन्याला तीन-चार हजार मिळवणारे बडे फौजदारी वकीलही देतात, मग नवख्याने का देऊ नये? गांधी बधले नाहीत. मला तीनशे पुरेत, वडिलांना तरी कुठे जास्त मिळत होते, हे त्यांचं उत्तर.

दलालाचा हा तोरा उगाच नव्हता. १८६२ साली स्थापन झालेल्या मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला अशिलाकडून परस्पर काम घेता येत नसे. अशील जाणार सॉलिसिटरकडे आणि सॉलिसिटर आपल्या मर्जीतल्या बॅरिस्टरला ब्रीफ देणार. ज्याची कुठे ओळख नाही, त्याने वाट पाहत बसायचं. पाच-सात वर्षं बॅरिस्टर रिकामा बसला तरी नवल नाही, असं सॉलिसिटरकीचा अभ्यास करणारे वीरचंद गांधी यांनी मोहनदासांना सांगून ठेवलं होतं. मोहनदास रोज गिरगावातून पाऊण तास चालत हायकोर्टात जात, ट्रामचे पैसे वाचवत आणि तिथे बसल्या बसल्या पेंगत. रोज एक तास इंग्रजी शिकवायच्या पंचाहत्तर रुपयांच्या नोकरीसाठी त्यांनी एका शाळेत अर्ज केला. पदवीधर नाही म्हणून तोही नाकारला गेला.

सहाएक महिन्यांत बिऱ्हाड मोडून ते राजकोटला गेले. तिथे अर्ज-विनंत्या लिहून देण्याच्या कामावर महिन्याला सरासरी तीनशे रुपये सुटू लागले. म्हणजे मुंबईत तोंडातून निघालेला आकडा! पण तिथे कमिशनही द्यावं लागलं, फक्त ते दलालाऐवजी काम पाठवणाऱ्या वकिलाला. हेही त्यांनी लपवलं नाही. १८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीकडून बोलावणं आलं: फार तर एक वर्षाचं काम, पहिल्या वर्गाचं जाण्या-येण्याचं भाडं, राहण्या-जेवण्याचा खर्च आणि १०५ पौंड. ते दक्षिण आफ्रिकेला निघाले.

तीस वर्षांनी, १९२३ साली, त्याच हायकोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. जवळ कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी, पण सनदेचे पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले. विद्वत्तेत खोट काढायला जागा नव्हती. तरी सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देईनात. दार बंद होतं ते जातीमुळे. बाबासाहेबांनी अपील शाखा धरली आणि मोफसिलातून येणारी बारकी कामं घेतली. जोडीला १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. नाव झालं ते १९२६ साली, ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरच्या पुण्यातल्या खटल्यात. आरोपी जेधे-जवळकरांची बाजू त्यांनी मांडली आणि जिंकली. समोर वकील होते ल. ब. भोपटकर.

स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदाही १९२३ चाच. त्यानंतर मुंबई हायकोर्टात आलेल्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर मिठन टाटा, पुढे मिठन लाम. पहिली ब्रीफ कशी मिळाली, हे त्यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. अशिलाची बाजू इतकी भक्कम होती की कुणीही जिंकलं असतं. त्याला फक्त प्रतिपक्षाची नाचक्की हवी होती: बाईकडून हरल्याची.

मुंबईतली सॉलिसिटर-बॅरिस्टर ही दुहेरी व्यवस्था कायद्याने १९७६ च्या दुरुस्तीनंतर संपली. काम मागायला मात्र नव्या वकिलाला आजही बंदी आहे. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे त्याला जाहिरात करता येत नाही, दलाल ठेवता येत नाही आणि दारावरची पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची लावावी लागते.