इंदापूरची जमीन मोजणी

इंदापूरची जमीन मोजणी : पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ मध्ये झालेली जमिनीची फेरपाहणी. पुढे मुंबई इलाखाभर रूढ झालेल्या रयतवारी भूमापन पद्धतीचा आरंभ येथून धरला जातो. आधी झालेल्या एका पाहणीची कागदपत्रे प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहण्याच्या गरजेतून ती उद्भवली.

भीमा आणि नीरा या नद्यांच्या दुआबातील हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. येथील जमीन पूर्वी काठी, पांड व बिघा या मापांनी मोजीत. शिवकाळात पाच हात व पाच मुठींची काठी प्रमाण मानली जाई. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व १२० बिघ्यांचा चावर होई. हात आणि मूठ ही माणसाच्या शरीराची मापे असल्याने गावोगावच्या नोंदींत मेळ राहत नसे. पेशवाई संपल्यावर आलेल्या कंपनी सरकारला तर अशा नोंदींवरून साऱ्याचा अंदाजही नीट बांधता येईना.

मुंबई सनदी सेवेतील रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२४ ते १८२८ या काळात पुणे जिल्ह्यात पाहणी केली. हेलीबरी येथे मॅल्थसच्या हाताखाली शिकलेल्या प्रिंगलने खंडाचा अर्थशास्त्रीय सिद्धांत मावळ-देशाच्या मातीस लावला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावयाचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावयाचे, असे ते गणित होते. कागदावर ते निर्दोष दिसे. परंतु त्याचा सर्व भार हाताखालच्या मोजणीदारांनी व प्रतबंदी करणाऱ्यांनी भरलेल्या आकड्यांवर होता. लाच देणाऱ्याची जमीन हलक्या प्रतीत गेली, न देणाऱ्याची भारी प्रतीत. त्यातच धान्याचे भाव कोसळले. सारा झेपेना, तेव्हा शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. काही कुटुंबे निजामाच्या मुलखात निघून गेली. इंदापुरात याची झळ विशेष तीव्र होती.

या परिस्थितीत १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड याला इंदापुरास पाठविण्यात आले. त्याला अभियंता दलातील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट येऊन मिळाला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे गणितच सोडून दिले. शेताशेताची फक्त सापेक्ष प्रत ठरवावी आणि एकंदर आकारणी मात्र त्या भागातील मागील वसुलीचा इतिहास, पाऊस व बाजारपेठेची सोय पाहून ठरवावी, असा मार्ग त्यांनी धरला. १८३६ मध्ये कमी दरांची ही आकारणी ३० वर्षांसाठी लागू झाली व पडीक जमिनी पुन्हा लागवडीस येऊ लागल्या. याचे श्रेय अचूक मोजणीस किती व उतरलेल्या दरांस किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. दरांचा वाटा मोठा असावा, असे म्हणण्यास मात्र जागा आहे.

या पद्धतीचे नियम १८४० व १८४७ च्या संयुक्त अहवालांत ग्रथित झाले. मोजणीसाठी ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली साखळी आणि काटकोन साधण्यासाठी शंकू वापरीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट) आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेतातून एक मुख्य रेषा धरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत तिच्यावरून लंब मोजले जात. ही मापे टिपणात लिहिली जात व त्यांवरून काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडून क्षेत्र काढीत. जमिनीची प्रत मातीचा प्रकार व खोली यांवरून लागे : पावणेदोन हात खोलीची उत्तम जमीन १६ आणे, तीच पाव हात खोलीची असल्यास साडेचार आणे. एकूण ९ प्रती होत्या. सर्वांत खालची २ आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार यांसारख्या दोषांनुसार प्रत उतरे. प्रिंगलच्या अनुभवाने शहाणे होऊन, मोजणीदाराने व प्रतबंदी करणाऱ्याने केलेल्या कामापैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः पुन्हा तपासावीत, हा नियम या पद्धतीचा कणाच बनविण्यात आला.

तरीही मापे बरोबर असली म्हणजे आकारणी न्याय्य ठरतेच, असे नाही. इंदापूरची पहिली मुदत १८६६ च्या सुमारास संपली, तेव्हा अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) आलेली कापसाची तेजी नुकतीच होऊन गेली होती. चढ्या भावांच्या आधारे सारा बराच वाढविण्यात आला व भाव उतरल्यावर तो जड झाला. लगतच्या भीमथडी तालुक्यातही काही वर्षांत फेरआकारणी झाली. त्याच तालुक्यातील सुपे (सध्या बारामती तालुका) येथे १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी सावकारांच्या घरांवर हल्ले होऊन कर्जखते जाळण्यात आली. दख्खनच्या दंग्यांच्या चौकशी आयोगात वाढीव साऱ्याच्या परिणामावरून मतभेद झाले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो मुख्यतः कर्जाच्या प्रश्नापुरता.

पुढे नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या जिराइताचे बागाईत केले, तर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूरच्या भीमाकाठची शेते व त्यांचे बांध बुडाले. जमिनीचे मोल वाढले, तशी वीतभर बांधाचीही किंमत वाढली. आज उपग्रहाधारित यंत्रे व ड्रोन वापरले जातात. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रारंभिक प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. इमारतींच्या बाबतीत लेसर किरणांनी लक्षावधी बिंदूंची स्थाने टिपून संगणकीय आराखडा त्या बिंदुसमूहाशी ताडला जातो व दोहोंतील अंतर मिलिमीटरांत मोजले जाते. तेथे उभी भिंत हेच प्रमाण असते. आराखडा चुकला, तर तो दुरुस्त करावयाचा. शेताच्या बाबतीत हे सरळ नाही. बांध सरकविता येतो, म्हणून हद्द कायम करताना भूकरमापक जुने टिपण प्रमाण मानून त्यावरून जमिनीवर हद्द शोधतो आणि वहिवाटीची हद्द वेगळी आढळल्यास नकाशावर दोन्ही दाखवितो. जुन्या टिपणातच चूक असेल, तर ती यंत्राने उघड होते. पण दुरुस्तीसाठी लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे लागते.