मोहाची भट्टी आणि साहेबाची कडू बीअर

नागपुराजवळची कामठीची छावणी १८२१ साली वसली, तेव्हा तेथील गोऱ्या साहेबाला मायदेशीची हॉपमिश्रित कडू बीअर हवी असे. आणि ती गलबतातून अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून मुंबईस उतरल्यावर, १८६७ साली नागपुरास आगगाडी येईपर्यंत, बैलगाडीचे हिसके सोशीतच पुढे येत असल्यामुळे तिचे मोल सामान्य शिपायाच्या आवाक्याबाहेर जाई, यात नवल नाही. याच नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील देवरीच्या रानात मात्र रयतेचे पेय झाडाखालीच पडत असे.

चैत्रात पहाटे मोहफुले वेचावी, उन्हात वाळवावी, मडक्यात भिजवून आंबवावी आणि मग चुलीवरच्या हंडीतून निघणारी वाफ बांबूच्या नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावी, एवढाच काय तो खटाटोप! सरकारने त्यावर आबकारीचा अंमल बसविला. कोठे ठरावीक रक्कम भरणाऱ्या मक्तेदारास गाळण्याचा व विकण्याचा परवाना दिला, तर पुढे कोठे सरकारी भट्टीतील मालावर तीव्रतेप्रमाणे कर आकारला. गोंडांच्या देवकार्यात, लग्नात आणि मर्तिकात अपरिहार्य असलेली ही वस्तू एकाएकी महसुलाची बाब ठरली, हा अन्याय मला साहेबाच्या तहानेपेक्षा अधिक बोचतो.

स्वराज्यातही सुटका लवकर झाली नाही. मोहफुले वेचण्या-साठविण्यावरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ साली उठविले.